दुपारच्या जेवणावरची छत्री

आमच्या घरात दुपारी बारा वाजता कांद्याचा लिलाव सुरू होतो. म्हणजे लॅपटॉपवर, बरं का. जुईनगरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत कांदा काय तो टोपलीतला, दीड-दोन किलो. पण नाशिककडच्या कुठल्याशा बाजारात एक माणूस रोज मोबाइल घेऊन लिलावाच्या मागेमागे फिरतो आणि ते सगळं इंटरनेटवर टाकतो. ट्रॅक्टर ओळीने उभे, ट्रॉल्यांत कांदा, पुढे भाव पुकारणारा आणि त्याच्याभोवती व्यापाऱ्यांचा घोळका. "सोळाशे, सोळाशे अकरा, एकवीस, एकवीस, एकतीस..." बघण्यासारखं त्यात काही नाही. पण आमचे हे त्या आवाजावर जेवतात.

हे तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. साताऱ्याकडून आलेले, तीसेक वर्षं पाठीवर गोणी वाहिलेले. आता विसरण्याचा आजार आहे. घर विसरले, गाव विसरले, मला कधी ओळखतात, कधी नाही. त्याचं मी फार मनाला लावून घेत नाही. पण गेल्या वर्षापासून ते घास गिळायचं विसरायला लागले. घास तोंडात घातला की तो गालात धरून बसायचे. अर्धा तास, पाऊण तास. मी "गिळा हो, गिळा" म्हणत समोर. डॉक्टर म्हणाले, असं होतं या आजारात, धीर धरा. वजन मात्र उतरत चाललं. सदरा खांद्यावरून घसरायला लागला तेव्हा माझा धीर संपला.

लिलावाचा शोध लागला तो लेकीमुळे. लेक खांदेश्वरला राहते आणि न्हावा शेव्याला एका कस्टम एजंटच्या ऑफिसात काम करते. कांद्याचे कंटेनर परदेशी जातात, त्यांचे कागद करते. एका रविवारी आमच्याकडे आली होती आणि ऑफिसच्या कामासाठी कांद्याचा भाव बघत बसली होती. तिच्या लॅपटॉपवर तो पुकारा सुरू होता. मी यांच्यासमोर ताट घेऊन बसलेली, घास गालातच. आणि बघते तर काय, यांचा जबडा हलतोय. सोळाशे अकरा, चावलं. एकवीस, चावलं. एकतीस, गिळलं! लेक म्हणाली, "आई, आबांनी गिळलं!" त्या दिवशी एक भाकरी पोटात गेली, कुस्करून, डाळीत कालवून.

जाताना तिने आपला जुना लॅपटॉप माझ्याकडे ठेवला. मी चौथी शिकलेले. इंग्रजी अक्षरं दुकानांच्या पाट्या वाचून वाचून शिकले. लेकीने वहीत चित्रं काढून दिली: हे दाब, मग ते दाब. आठ दिवसांत मला जमलं.

जमलं नाही ते जाहिरातींचं. लिलाव रंगात आलेला असायचा आणि मध्येच एक माणूस हिंदीतून ओरडायचा, "जल्दी कीजिए! मौका निकल जाएगा!" तो घरं विकायचा की क्लास, कोण जाणे. पण यांना ते कसं ऐकू यायचं, तर मुकादम हाक मारतोय. गाडी आली, टोळी उभी राहिली, आणि आपण जेवत बसलोय. टोळीची रीत अशी की गाडीला पहिला हात लागताना जो नसेल त्याचा त्या गाडीतला वाटा गेला. तीस वर्षं अंगात मुरलेली ती भीती आजारातसुद्धा गेली नाही. हे ताट ढकलायचे आणि उठायला बघायचे. "गाडी लागली. जातो मी." आदल्या वर्षी खुब्याचं हाड मोडून आत पट्टी बसवलेली. डॉक्टरांनी बजावलेलं, पुन्हा पडले तर उठणार नाहीत. जाहिरात पुढे ढकलायचं बटण असतं, ते मला माहीत आहे. पण माझी बोटं वरणभातात, आणि ते बटण यायलाच पाच-सहा सेकंद लागतात. तेवढ्यात हे अर्धे उभे.

लेकीला सांगितलं. पुढच्या रविवारी आली आणि तिने त्या लॅपटॉपला एक छोटी गोष्ट जोडून दिली. जाहिराती आल्या की ती दारातच अडवते म्हणे. नाव इंग्रजी, माझ्या जिभेला जड. वरच्या कोपऱ्यात एक निळी छत्री दिसायची, म्हणून मी तिला छत्रीच म्हणायचे.

"याला पैसे किती?" मी पहिलं तेच विचारलं.

"फुकट आहे आई. कुणीतरी एकट्याने बनवलंय, लोकांसाठी."

"फुकट कसं असेल? काहीतरी असेल."

"तू ना, प्रत्येक गोष्टीत संशय! फुकट म्हणजे फुकट. टेन्शन नको घेऊ."

मग नाही घेतलं. सात-आठ महिने छत्रीने काम केलं. बाराला लिलाव लावायचा, यांना खुर्चीत नीट बसवायचं, घास द्यायचा. मध्ये एकही माणूस ओरडत नव्हता. पुकारा नुसता वाहत राहायचा. हे जेवायचे, वजन थोडं भरलं. आणि एक सांगते, कुणाला सांगितलं नाही अजून. हे भरात आले की पाच-सहा घास स्वतःच्या हाताने घ्यायचे. तेवढ्यात मी माझं ताट वाढून घ्यायचे आणि गरम गरम जेवायचे. गरम जेवण! वर्षभर मी चार वाजता गार भात खात होते. त्या छत्रीचं मला खरं कौतुक होतं ते या घासांसाठी.

मग एके दिवशी छत्रीवर लाल ठिपका आला. दाबला तर इंग्रजीत काहीतरी. अक्षर अक्षर लावून वाचलं, अर्थ अंदाजाने लावला. छत्री आता नव्या मालकाकडे गेली होती, आणि पुढे वापरायची तर महिन्याला पैसे भरा. खाली दोन बटणं, 'भरा' आणि 'नंतर'. मी 'नंतर' दाबलं. दुसऱ्या दिवशी परत. 'नंतर'. तिसऱ्या दिवशी परत. स्वयंपाकाआधी गॅस पेटवावा तसं मी बारा वाजता 'नंतर' दाबायला लागले. लेकीला सांगायचं मनात यायचं, पण तिच्या ऑफिसात वर्षअखेरीची धांदल, फोनवर आवाज दमलेला. म्हटलं, बटण दाबायला काय जातं आपलं.

एका मंगळवारी बघते तर 'नंतर' नव्हतंच. एकच बटण, 'भरा'. कोपऱ्यातली छत्री राखाडी झालेली, मिटलेली. यांना बसवलेलं, ताट वाढलेलं, बारा वाजून गेलेले. म्हटलं, एक दिवस काय होतंय, लावू तसंच. हीच माझी चूक.

पाच-सात घास नीट गेले. सतराशे झाले, सतराशे अकरा झाले. आणि मग तो आला. तोच आवाज की त्याचा भाऊ, "जल्दी कीजिए!" माझा हात भातात. हे म्हणाले, "आलो, आलो मुकादम." आणि टेबलावर हात रोवून उठलेच. टेबल सरकलं, ताट खाली, वरण भिंतीवर. मी मागून यांच्या बनियनला धरलं आणि भिंतीला पाठ लावून दोघं घसरत घसरत खाली बसलो. ते माझ्या मांडीवर. खुबा वाचला. माझा गुडघा मात्र कुठेतरी बोलला.

उठवायचं कसं? माझ्या एकटीच्या ताकदीबाहेर. बाजूला लॅपटॉपवर लिलाव पुन्हा सुरू झालेला, अठराशे, अठराशे पाच. आणि हे माझ्या मांडीवर बसून ऐकतायत, निवांत. मी खालच्या मजल्यावरच्या वहिनींना हाक मारली. त्या रत्नागिरीकडच्या, शाळेत क्लार्क होत्या, आता रिटायर. नवऱ्याला घेऊन धावत आल्या. दोघांनी यांना उचलून खुर्चीत बसवलं. फरशी पुसता पुसता मी छत्रीचं सगळं रडगाणं सांगितलं.

वहिनी म्हणाल्या, "अहो, फुकट ते पौष्टिक असतं, पण कायमचं नसतं. आम्ही बाई पहिल्यापासून त्या व्हिडिओवाल्यांनाच पैसे भरतो. जाहिरात म्हणून नाही."

त्यांचे मिस्टर म्हणाले, "हो, भरतो! आणि बघते ही काय, तर लोकांच्या घरातल्या भांडणाच्या मालिका."

"तुम्ही गप्प बसा. भिंत पुसा तिकडची."

हसले मी. पण त्या गेल्यावर दार लावून रडलेसुद्धा. रडू पडण्याचं नव्हतं हो. पडणं, उठणं, पुसणं, हे रोजचंच. रडू आलं ते 'फुकट' या शब्दाचं. फुकट नव्हतं तर पहिल्या दिवशी सांगायचं. मी दुसरं काही शोधलं असतं. सात-आठ महिने यांचं जेवण, माझं जेवण, सगळं त्या छत्रीखाली मांडून दिलं, आणि आता बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून ती काढून घेतली.

लेकीला फोन केला. "अगं आई, मग सांगायचं ना आधी! दुसरं टाकून देते, अशी पन्नास आहेत." फोनवरूनच सांगत गेली आणि मी दाबत गेले. दुसरी मिळाली, फुकट. तर लॅपटॉप उघडला की ती जुगाराची पानं उघडायला लागली. ती काढली. तिसरी टाकली, तर व्हिडिओवालाच अडून बसला की जाहिराती अडवत असाल तर लिलाव दाखवणार नाही. लिलाव उतरवून ठेवायचा म्हटलं, तर त्यालाही पैसे, आणि ते छत्रीपेक्षा जास्त.

मग म्हटलं चला, भरून टाकू एकदाचे. तर माझं कार्ड चालेना. बँकेत गेले, यांच्याजवळ तासभर वहिनींना बसवून. खिडकीतली मुलगी म्हणाली, "मावशी, हा परदेशी व्यवहार आहे. तुमच्या कार्डवर बंद आहे. सुरू करून देते, पण सांभाळा हं, फ्रॉड फार होतात." खात्यात यांची पेन्शन तेवढी. मी म्हटलं, नको, बंदच राहू दे. आणि परत आले.

छत्रीच्या पानावर तक्रार लिहायची जागा होती. मी मराठीत लिहिलं. तीन दिवस लागले, अक्षरं शोधून शोधून. लिहिलं, 'माझे मालक आजारी आहेत. दुसरं काही मागत नाही. दुपारी बारा ते एक एवढीच छत्री उघडी ठेवा. बाकी वेळ तुमची.' उत्तर आलं, इंग्रजीत, लगेच, माणसाने वाचलं असेल असं वाटेना. वहिनींनी अर्थ सांगितला: आपल्या अभिप्रायाबद्दल आभार, वर्षाचे एकदम भरल्यास सवलत.

तोवर जेवणाचं काय? एवढे दिवस यांचं पोट थांबणार का? पहिले दोन दिवस घास गालात, तसाच सुकला. तिसऱ्या दिवशी मी लॅपटॉप बंद करून ठेवला, ताट घेतलं आणि स्वतःच पुकारायला लागले. लाज वाटत होती. सत्तरीकडे आलेली बाई, बंद घरात भाव पुकारते. आधी हळू म्हटलं, "बाराशे, बाराशे अकरा..." यांनी मान वळवली. मग मोठ्याने म्हटलं. जबडा हलला. मला हुरूप आला. "तीन हजार! तीन हजार अकरा! एकवीस!"

हे चावायचे थांबले. कपाळाला आठ्या. "येडा हाय का काय? तीन हजार? कांदा हाय का बदाम?"

इतकं सलग बोलणं कित्येक महिन्यांत नव्हतं. मी भाव झटक्यात उतरवला, "चौदाशे. चौदाशे अकरा." मग समाधान झालं, चावायला लागले.

चार दिवस मी कांदा विकला. पाचव्या दिवशी घसा बसला, सहाव्या दिवशी नुसती घरघर. पुकारायचं म्हणजे थांबायचं नाही, थांबलं की यांचा जबडा थांबतो. पाऊण तास सलग. घास भरवायचा, पुकारायचं, तोंड पुसायचं, पुकारायचं. आणि माझं जेवण परत चार वाजता, गार. अंगात ताकदच उरली नव्हती, राग तेवढा उरला होता. सहाव्या दिवशी मी पुकारणं सोडून देऊन भाकरी कुस्करता कुस्करता बसल्या आवाजात बडबडायला लागले, त्या छत्रीवाल्यांना उद्देशून. "कालपर्यंत फुकट करत होते, आज पैसे मागतायत. लाज नाही. सवय लावायची आणि मग हात पसरायचा."

हे माझ्याकडे बघत होते. डोळे स्वच्छ होते, तसे अधूनमधून होतात. म्हणाले, "वझं उचाललं का त्यानं?"

"कुणी?"

"ज्याला शिव्या देतोयस त्यानं. वझं उचाललं का?"

सात-आठ महिने रोज दुपारी त्याने तो ओरडणारा माणूस दारात धरून ठेवला होता. "उचललं की," मी म्हटलं.

"मग हमाली दे. उचाललेल्या वझ्याची हमाली बुडवू न्हाई."

या माणसाने हमालीच्या दरासाठी मोर्चे काढलेत, उपाशी बसलाय, लेकीच्या बारशाला घरी नव्हता. मी त्याच्यासमोर बसून फुकट, फुकट करत होते. पण रागही आला. म्हटलं, "बरं, त्याची देते. आणि माझी हमाली? मी उचलते ते कोण देणार?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नवा हाईस व्हय टोळीत?"

मी मान हलवली. ओळखलं नव्हतं तर.

"टोळीतल्याला हमाली नसती गड्या. वाटा असतो. सगळ्यांनी उचालायचं, सगळ्यांनी वाटून घ्यायचं. मुकादमाला इचार." आणि तोंड उघडलं, घासासाठी. मी घास दिला. माझा घसा बसलेला, पुकारता येत नव्हतं, तरी त्या दिवशी तो घास गिळला.

रविवारी लेक आली. मी म्हटलं, "तुझ्या कार्डवरून भर बाई त्या छत्रीचे."

"आता का? परवा तर म्हणत होतीस चोर आहेत."

"तुझे आबा म्हणाले, भर."

तिने माझ्याकडे बघितलं, मग यांच्याकडे. हे खुर्चीत पेंगत होते. "आबा? छत्रीचं?"

"हो. सविस्तर सांगितलं मला."

तिला वाटलं मी दमून काहीतरी बोलतेय. तिने भरले. महिन्याचेच, वर्षाचे नाही. मी भरू दिले नाहीत. पुढच्या वर्षी लिलाव लागेल का नाही, लागला तर कुणासाठी, हे मी तिच्यासमोर बोलले नाही. ती माझा घसा ऐकून म्हणाली, "आई, तू किती दमलीयस गं." मी म्हटलं, "झोपेन जरा, बस तू आबांजवळ." आणि भर दुपारी दोन तास झोपले.

सोमवारी बारा वाजता छत्री निळी होती. यांना बसवलं, लिलाव लावला. पंधराशे, पंधराशे अकरा. मध्ये कुणी ओरडलं नाही. घास गेला, दुसरा गेला. म्हटलं झालं, आता माझं ताट वाढून घेते. भात घेतला, वरण घेतलं, वर तूप सोडलं, वाफ येत होती. पहिला घास उचलला आणि बघते तर यांचं तोंड थांबलेलं. लॅपटॉपवर पुकारा जोरात चाललाय आणि हे त्याच्याकडे बघतच नाहीत, माझ्याकडे बघतायत. माझ्या ताटात पंधरा मिनिटांत निवेल असा भात, माझ्या तोंडात पहिला घास.

मी घास गिळला. लॅपटॉपचा आवाज थोडा कमी केला आणि म्हटलं, "सोळाशे."

यांनी चावायला सुरुवात केली. मी दुसरा घास घेतला, गिळला, म्हटलं, "सोळाशे अकरा."